मखमलीची उलटी लव

निकाहाचा जोडा, म्हणजे नवरदेवाचा पोशाख, परत आला तो बुधवारी, ताटं वाढायच्या वेळी. वडशाहून नवरदेवाचा मामू स्वतः मोटारसायकलवर घेऊन आला होता. त्यानं पाणी घेतलं, चहाला नको म्हटलं आणि गुलाबी कागदात गुंडाळलेली शेरवानी नूर मोहम्मद शिंप्याच्या हातात न देता खाटेवर ठेवली. "मास्टर, उन्हात धरून पाहा एकदा. घरच्या बायका बोलून राह्यल्या, शुक्रवारी दुल्हा दोन रंगाचा दिसंल म्हणून."

बोलला तो अगदी सबुरीनं. शिव्या देणाऱ्याला उलट शिवी तरी देता येते. नूर मोहम्मद नुसताच मान हलवत राहिला, आणि ती हलवतानाही त्याच्या मानेतून खांद्यापर्यंत कळ गेली.

नवरदेवाचा जोडा मुलीच्या घरून जायचा ही रीत. बाकीचे लोक तो नागपूरहून विकत आणत. नूर मास्टरच्या घरात मात्र बहिणीच्या, भाचीच्या, पुतणीच्या, सगळ्या जावयांच्या शेरवान्या त्यानं स्वतः कापल्या होत्या, आणि आता तर फरहाचा, त्याच्या एकुलत्या मुलीचा निकाह होता. शेरवानीचं शिवणं धाकट्या सुनेकडे, शिरीनकडे होतं. बाह्या, अस्तर, काज, सगळं तीच करी. पण कापायची कैची मास्टरशिवाय कोणी हातात घ्यायची नाही, हा त्या घरचा कायदा होता.

मामू निघून गेल्यावर जाहिदनं, थोरल्या मुलानं, शेरवानी अंगणात नेली आणि खांद्याला धरून उन्हात उभी केली. हिरवी मखमल. उजवं अंग गर्द, डावं उतरलेलं. एक बाजू धुतली आणि एक धुवायची राहिली, असं.

मखमलीला बारीक लव असते. वरून खाली हात फिरवला तर मऊ, खालून वर फिरवला तर अडते. समोरचे दोन्ही भाग कापताना लव एकाच दिशेला धरायची, नाहीतर उन्हात दोन रंग दिसतात. हे शिकाऊ शिंप्यालाही माहीत असतं. नूर मास्टर तर डोळे मिटून, बोटांच्या मागच्या बाजूनं लव ओळखायचा आणि कापडाच्या उलट बाजूला खडूनं बाण काढायचा. गिऱ्हाइकं मुद्दाम बघायला थांबत.

"शिवली कोणं?" नूर मोहम्मदच्या बायकोनं, सलीमानं विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, तरी तिनं विचारलं. सगळ्यांची तोंडं शिरीनकडे वळली. हातातली भाकरीची परात खाली ठेवून शिरीन एवढंच म्हणाली, "अब्बांले विचारा."

आणि अब्बांनी सांगितलं, "खडूचा बाण पुसला असंल. हिनं तुकडा उलटा जोडला."

एवढंच वाक्य. ते तोंडातून गेलं आणि नूर मोहम्मदला आपण काय केलं ते कळलं. कारण समोरचा भाग उलटा जोडताच येत नाही. वर गळा असतो, बाजूला बगल असते, खाली घेर असतो. गळ्याच्या जागी घेर लावून कोण शिवेल? ज्यानं आयुष्यात एक बंडी शिवली असेल तोही या गोष्टीवर हसला असता. पण जाहिदनं रेडीमेडच्या दुकानापायी सुई कधी धरली नाही, आणि जिशान, धाकटा, ऊर्जानगरच्या वीज केंद्रात लागला तेव्हापासून त्याला पाना कळतो, सुई नाही. त्या घरात ही गोष्ट खोटी आहे हे कळणारी माणसं दोनच होती. एक तो, दुसरी शिरीन.

शिरीननं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. चारचौघांत एखाद्याचं धोतर सुटलं की आपण पाहून न पाहिल्यासारखं करतो, तसं पाहिलं आणि परात उचलून आत गेली.

*

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात. पण चोर घरातला कर्ता असला की फाशीची तयारीही फार झटपट होते. संध्याकाळच्या आत सलीमा नाक्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन आली. मुलचेऱ्याला शिरीनच्या वडिलांच्या, कादरभाईच्या शेजारी फोन होता. त्यांना बोलावून तिनं सांगितलं, की तुमच्या पोरीनं आमच्या पोरीच्या निकाहात माती कालवली. निकाहाच्या आधी येऊन तिले घेऊन जा, समध्यांसमोर, वडशाच्या व्याह्यांसमोर, ती नको.

नूर मोहम्मदला हे समजलं तेव्हा तो दुकानात कापायच्या फळीपुढे बसला होता. फळी बुटकी, मांडी घालून बसायची. बेचाळीस वर्षं तो त्या फळीवर मान खाली घालून बसला. फळीवर खाकी कागदाच्या मापांची थप्पी होती आणि थप्पीच्या तळाशी त्याच्या मानेचा एक्स-रे.

तो लपवायला त्यानं ही जागा शोधली होती. दिवाळीच्या सुमाराला सुई बोटांतून गळायला लागली. मग उजव्या हाताची तीन बोटं सदा झोपल्यासारखी. मान खाली घातली की पाठीतून वीज उतरायची. पहिल्यांदा ओळखलं इंदुताईंनी. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या इंदुताई मेश्राम, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. तीस वर्षं त्यांचे झंपर नूर मोहम्मदच शिवत होता. एका झंपराचे हूक वाकडे लागलेले पाहून त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचे हात पाहू."

"म्हातारपण आहे, बाई."

"म्हातारपण तर आहेच. पण तेही डाक्टरले दाखवावं लागते."

त्यांनीच चंद्रपूरच्या हाडाच्या डॉक्टरकडे पाठवलं. घरी त्यानं सांगितलं, अस्तराचं कापड आणायला चाललो. डॉक्टर तरणा होता, पण समजावून सांगणारा. फोटो उजेडात धरून म्हणाला, "काका, हे वयाचं झिजणं आहे. साठीनंतर बहुतेकांच्या मानेत दिसतं, आणि पुष्कळांना त्याचा त्रासही होत नाही. तुमची मान चाळीस वर्षं वाकलेली, म्हणून जरा पुढं गेलंय. मणक्यांच्या मधल्या गाद्या बसल्यात, हाडाला कंगोरे आलेत आणि हाताकडे जाणारी नस त्यात दबते."

"बरं होते काय?"

"झिजलं ते भरून येत नाही. पण पुढचं सांभाळता येतं. कापायचा टेबल उंच करा, उभं राहून कापा. अर्ध्या तासानं उठून फिरा. उशी पातळ घ्या. हे व्यायाम लिहून देतो, रोज करा. मानेचा पट्टा आठ दिवस, जास्त नाही. आणि न्हाव्याकडून मान कडाकडा मोडून घेता का?"

"दर जुम्म्याले," नूर मोहम्मद म्हणाला. त्या कडाक्याशिवाय जुम्मा झाल्यासारखा वाटतच नव्हता.

"ती आजपासून बंद. आता एक खरं सांगा. चालताना तोल जातो? शर्टाची बटणं लावता येतात? ती लागत नसतील तर नुसती नस नाही, मज्जारज्जू दबतोय असं समजायचं. मग वाट बघायची नाही, नागपूरला मोठी तपासणी."

"लागतात," नूर मोहम्मद म्हणाला.

महिनाभरापासून त्याच्या सदऱ्याची बटणं सलीमा लावत होती.

त्यानं टेबल उंच केला नाही. उभं राहून कापलं असतं तर गिऱ्हाइकानं विचारलं असतं, काऊन मास्टर? झाकली मूठ सव्वा लाखाची, असा हिशेब त्यानं मनाशी केला, आणि मूठ झाकण्याइतकी बोटं वळत होती तोवर तो चाललाही. मग मखमल आली. त्यानं गिऱ्हाइकांसमोर डोळे मिटले, बोटं फिरवली, काहीच कळलं नाही. डोळे उघडून उजेडात पाहायला हवं होतं. पाहणारे चार जण उभे होते. त्यांची लाज वाटली. अंदाजानं बाण काढला.

*

गुरुवारी सकाळी घरात दोन तट पडले. जिशान रात्रपाळी करून ऊर्जानगरहून आला होता, डोळे तांबारलेले. आईचं ऐकून तो बायकोवर उखडला होता. जाहिद म्हणत होता, जे झालं ते झालं, मी नागपूरहून तयार शेरवानी आणतो, झंझट मिटवा. सलीमा दोघांच्या वरताण.

"तयार आणून आणखी बोंब करतोस काय रे? लोक काय म्हणतील, मास्टरच्या घरी शेरवानी शिवता येत नाई?"

"अम्मी, पण भाभीनं नाई केलं हे," मध्येच फरहा म्हणाली. हळदीच्या हातांनी ती दारात उभी होती. उद्याची नवरी, पण चुलीपाशी शिरीनसोबत तीच बसायची. "भाभीनं मले बाण दाखवला होता. जसा होता तसाच शिवलं तिनं."

"तू चूप राह्य. नवरीनं बोलू नाई."

"नवरीच्याच दुल्ह्याची शेरवानी आहे ना!"

जिशान चपापला. बायकोकडे वळून म्हणाला, "मंग तू काऊन नाई बोलत? तोंड नाई तुले?"

शिरीन कपड्यांची पिशवी भरत होती. दोन साड्या, एक सलवार कमीज, वेणीचा डबा. तिनं वर न पाहता सांगितलं, "मी बोलली. अब्बांले विचारा म्हणली. त्यायनं सांगतलं."

"अब्बा खोटं बोलतील काय?"

"मी असं म्हणली नाई."

बैठकीत बसलेल्या नूर मोहम्मदला शब्द अन् शब्द ऐकू येत होता. उठावं, आत जावं, एक वाक्य बोलावं, एवढंच काम. बोलण्याला काही बोटं लागत नाहीत. तरी तो उठला नाही. तो बसून राहिला, आणि आपण बसून राहिलो आहोत हे कळून त्याला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात इंदुताई मागच्या दारानं आल्या. लग्नघरी मदतीला म्हणून आलेल्या बाईला पिशवी भरणारी सून दिसली, रडून लाल झालेली नवरी दिसली, आणि बैठकीत भिंतीकडे तोंड करून बसलेला मास्टर दिसला. त्यांना कोणी काही सांगावं लागलं नाही. त्या सरळ त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हात कसे आहेत, भाऊ?"

"बाई, आत्ता नको."

"आत्ताच नाई तर कधी? केस पिकले त्याची लाज वाटते काय तुमाले? तशीच ही मान पिकली."

"केसाले मेंदी लावतो मी, बाई. लपवतोच."

इंदुताईंना हसू आलं असतं, पण त्या हसल्या नाहीत. "मेंदीनं पोरीचा संसार नाई मोडत," त्या म्हणाल्या आणि आत भाज्या चिरायला निघून गेल्या.

नूर मोहम्मदनं सलीमाला हाक मारली. आतल्या खोलीत दार लोटून घेतलं. "जाहिदची अम्मी, ऐक. ती शेरवानी..."

"मले माहीत आहे."

तो भिंतीला टेकला.

"रोज सकाळी तुमची बटणं कोण लावते?" सलीमा खालच्या आवाजात म्हणाली. "चहाचा कप दोन हातानं काऊन धरता ते मले दिसत नाई काय? मोरीत जाताना भिंत धरता. मले मखमलीतलं काई कळत नाई, पण चूक कोणाच्या हाताची आहे ते मले काल उन्हातच कळलं."

"आणि तरी तू फोन केली?"

"केली. काऊन नाई करू? हे घर तुमच्या नावावर चालते. नूर मास्टरचे हात गेले, हे उद्या समध्यांच्या तोंडी, परवा बाजारात. ती पोरगी आहे, चार महिन्यानं परत आणता येईल. तुमचं नाव गेलं तर परत आणता येते काय? तुमच्यासाठी केली मी. आता मलेच पाहून राह्यले तुम्ही असे!"

नूर मोहम्मदला तिच्यावर रागावता येईना. आपलंच पाप तिनं पदरात बांधून घेतलं होतं आणि वर त्याला गाठही मारली होती. काल एका वाक्यात त्यानं एकट्यानं जे केलं होतं, त्यात आता ही बाईही होती. त्याला दुप्पट लाज वाटली.

"कादरभाईले परत फोन कर. येऊ नको म्हण."

"ते निघाले असतील पहाटेच."

*

कादरभाई दुपारी एकला आला. मुलचेऱ्याच्या आठवडी बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी विकणारा हाडकुळा माणूस. तीन गाड्या बदलून, शेवटी आरमोरीहून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागे लटकून आला होता. अंगावर धूळ, हातात एक नवी कोरी पिशवी. शेजारपाजारची चार माणसं मंडपाचे बांबू बांधत होती, त्यांच्या देखत तो ओटा चढला.

"सलाम, मास्टर."

नूर मोहम्मद उभा राहिला. मागे जाहिद, जिशान, दारात सलीमा, तिच्यामागे शिरीन.

कादरभाईनं मुलीकडे पाहिलंही नाही. पिशवीतून त्यानं हिरवी मखमल काढली. गडचिरोलीच्या दुकानातून फोनवर कळलेला रंग अंदाजानं जुळवून आणलेली. ती खाटेवर ठेवली. मग डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि नूर मोहम्मदच्या पायाशी वाकायला लागला.

"पोरीकून गलती झाली, मास्टर. बिनमायची वाढली, शिस्त नाई लागली. तिले माफ करा. घरातून काढू नका. मी हात जोडतो."

टोपी त्याच्या पायावर येणार होती. नूर मोहम्मदला तो हात वरच्यावर धरायचा होता. त्यानं वाकायला मान खाली घातली आणि पाठीतून वीज सणकन उतरून दोन्ही पाय लटपटले. वाकून कादरभाईला उठवणं त्याच्या मानेला शक्यच नव्हतं. मग तो भिंतीचा आधार घेऊन, एक गुडघा, मग दुसरा असा खालीच बसला. ओट्यावर, धुळीत, कादरभाईच्या समोर. टोपी दोघांच्या मध्ये पडली.

"अब्बा!" जाहिद पुढे आला.

"थांब तिथी. कोणी मले उचलू नका."

मंडपाचे बांबू बांधणारेही थांबले. नूर मोहम्मदनं त्यांना जायला सांगितलं नाही. त्यांनी ऐकायला हवं होतं, हेही त्याच्या लक्षात आलं.

"कादरभाई, टोपी उचला. पोरीनं काई केलं नाई. मी केलो. लव उलटी मी धरलो, बाण मी काढलो, कापलो मी. माझ्या बोटांले काई समजत नाई आता. मानेची हाडं झिजली, नस दबली. चंद्रपूरच्या डाक्टरनं सांगतलं, तेही मी लपवलो. आणि काल सगळ्यांसमोर तिच्यावर ढकललो."

जिशानला अजून कळत नव्हतं. "पण अब्बा, तुकडा उलटा जोडला म्हणले ना तुम्ही?"

"तो उलटा जोडता येतच नाई, बेटा. तुले शिकवलो असतो तर तुले कळलं असतं. हिले कळत होतं. ही बोलली नाई."

त्यानं उजवा हात पुढे केला. "मखमल ठेवा हातावर. कोणीही ठेवा."

जाहिदनं खाटेवरच्या नव्या मखमलीचं टोक त्याच्या हाताखाली धरलं. नूर मोहम्मदनं डोळे मिटले, बोटं फिरवली. एकदा, दोनदा. बांबूवाल्यांपैकी एकानं लहान असताना हाच खेळ दुकानाच्या पायरीवर बसून पाहिला होता. तो आता तोंड फिरवून उभा राहिला.

"वर आहे की खाली, मले सांगता येत नाई," नूर मोहम्मद म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायलाही बोटं धड वळेनात.

सलीमानं पदर तोंडात घातला. मग तीच पुढे आली आणि म्हणाली, "फोन मी केली होती, कादरभाई. मले ठाऊक होतं यांचे हात गेले ते. तरी केली." एवढं बोलून ती आत वळली, पण इंदुताई दारात उभ्या होत्या. त्यांनी तिला आत जाऊ दिलं नाही. ती तिथंच, सगळ्यांसमोर उभी राहिली.

जिशान बायकोजवळ गेला आणि तिच्या हातातली कपड्यांची पिशवी घेऊन उभा राहिला.

"समध्यांले मी आजच सांगतो," नूर मोहम्मद म्हणाला. "वडशाले जाऊन सांगतो. शेरवानी शिरीन कापंल. आजपासून दुकानात कैची तिची. आणि मी नागपूरले जातो, निकाह झाला की, डाक्टर म्हणंल ते करतो. कादरभाई, मले माफ करा. तुम्ही टोपी काढली, मले आज मरण आलं असतं तर बरं झालं असतं."

कादरभाई अजून गुडघ्यावरच होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. मुलगी निर्दोष सुटली होती. पण त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला. त्यानं टोपी उचलली, पण घातली नाही.

"मास्टर," तो हळू म्हणाला, "तुमचं काय घेऊन बसले? काल फोन आला तं मी एक सवाल नाई विचारलो. पोरीले फोनवर बोलाव म्हणलो नाई. आज मुलचेऱ्यापासून इथवर, जीपमध्ये लोकांसमोर, मी तिले शिव्या देत आलो. माझी पोर, मी लहानाची मोठी केलो. माझ्या मनात एकदाबी नाई आलं, की तिनं केलंच नसंल."

दोघं म्हातारे धुळीत समोरासमोर बसून राहिले. मान वर करायला एकाची हाडं अडत होती, आणि दुसऱ्याची तर धडधाकट होती, तरी त्यालाही ती वर करता आली नाही. शिरीन दारातून पुढे आली. ती दोघांपैकी कोणाजवळ थांबली नाही. खाटेवरची मखमल तिनं उचलली, उन्हात धरून एकदा नीट पाहिली आणि कैची घ्यायला दुकानात गेली.